छप्पन अंशांची बातमी

हवामानाची बातमी भारतात ज्या यंत्रणेच्या आधारावर उभी राहते, तो भारतीय हवामान विभाग १८७५ साली स्थापन झाला. त्याआधीच्या दशकातील कोलकात्याचे चक्रीवादळ आणि पाठोपाठ आलेले दुष्काळ यांनी त्याची गरज सरकारला पटवून दिली होती. वृत्तपत्रांचा या विषयाशी संबंध त्याहूनही जुना आहे, कारण लंडनच्या ‘द टाइम्स’ने १ ऑगस्ट १८६१ रोजीच हवामानाचा अंदाज छापला होता. अंदाज बांधणारा शास्त्रज्ञ आणि तो लोकांपर्यंत नेणारा वार्ताहर ही दोन वेगळी माणसे तेव्हापासून आहेत. त्यांपैकी दुसऱ्याच्या कामाचा हा विचार नागपूरच्या, आणि त्यातही सक्करदऱ्यासारख्या दाट वस्तीच्या, संदर्भात मांडला आहे.

विदर्भ, मध्य प्रदेश आणि छत्तीसगड यांच्यासाठी काम करणारे प्रादेशिक हवामान केंद्र नागपुरात सोनेगाव येथे, विमानतळाच्या परिसरात आहे आणि ‘नागपूरचे तापमान’ म्हणून जो आकडा छापला जातो तो तेथील वेधशाळेचा असतो. पांढऱ्या रंगाच्या, झडपांच्या भिंती असलेल्या लाकडी पेटीत तापमापक ठेवलेले असतात. या पेटीला स्टीव्हन्सन पेटी म्हणतात. तिच्यातून वारा खेळतो, परंतु ऊन थेट आत शिरत नाही, त्यामुळे तेथे मोजले जाते ते सावलीतील हवेचे तापमान होय. उलट सक्करदऱ्याच्या बुधवार बाजारात दुपारी दुकान मांडून बसलेल्या माणसाच्या अंगाला जाणवते ते ऊन, सिमेंटच्या रस्त्याने परत फेकलेली उष्णता आणि अडलेला वारा या साऱ्यांचे मिश्रण. ‘पेपरात चव्वेचाळीस लिहिता, इथे तर पन्नास असेल’ ही त्याची तक्रार खोटी नसते आणि वेधशाळेचा आकडाही खोटा नसतो. दोन्ही मोजमापे निरनिराळ्या गोष्टींची आहेत, एवढे सांगणे हे वार्ताहराचे काम आहे आणि ते बहुधा राहून जाते.

हे काम किती अवघड असते, हे ३० मे २०२४ रोजी दिसले. त्या दिवशी डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाच्या नागपुरातील शेतजमिनीवर बसवलेल्या स्वयंचलित हवामान केंद्राने ५६ अंश सेल्सिअस तापमान नोंदवले, तर सोनेगावच्या अशाच केंद्राने ५४ अंश दाखवले. स्वयंचलित केंद्र म्हणजे माणसाने तापमापक न वाचता विजेवर चालणाऱ्या संवेदकाने मोजमाप घेऊन ते आपोआप पुढे पाठवणारे यंत्र. त्याचा आकडा निरीक्षकाच्या नजरेखालून न जाता थेट संकेतस्थळावर येतो. ऐन नवतप्यात, म्हणजे मे अखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, आलेली ही बातमी देशभर पसरली. आदल्याच दिवशी दिल्लीच्या मुंगेशपूर केंद्राने ५२.९ अंश दाखवून खळबळ उडवली होती, त्यामुळे लोकांचे मनही विश्वास ठेवायला तयार होते.

तथापि थोडी तुलना केली असती, तरी लेखणी थबकली असती. नागपूरचा विक्रम २३ मे २०१३ रोजीचा ४७.९ अंशांचा आणि भारताचा विक्रम राजस्थानातील फलोदी येथे २०१६ साली नोंदवलेल्या ५१ अंशांचा. जगाचा मान्य विक्रम अमेरिकेतील डेथ व्हॅलीत १० जुलै १९१३ रोजी नोंदला गेलेला ५६.७ अंशांचा आहे. म्हणजे त्या दुपारी नागपूर जागतिक विक्रमापासून एका अंशाहूनही कमी अंतरावर येऊन ठेपले होते, असे मानावे लागले असते, आणि तेही नागपूर परिसरातील इतर स्वयंचलित केंद्रे ४४ अंशांच्या आसपास असताना. एकाच हवेत इतक्या जवळच्या ठिकाणी बारा अंशांचा फरक पडत नाही. हवामान विभागाने संवेदकातील बिघाड जाहीर करून ते आकडे चुकीचे ठरवले. मुंगेशपूरचा आकडाही तपासणीअंती तीन अंशांनी जास्त निघाला. खुलासा आला, परंतु छप्पनची कीर्ती त्याच्या कितीतरी पुढे निघून गेली होती, आणि यात दोष केवळ यंत्राचा मानणे ही वार्ताहरांची सोय आहे.

‘उष्णतेची लाट’ या संज्ञेचा अर्थही बातमीत असाच सांगायचा राहून जातो. मैदानी भागात कमाल तापमान किमान ४० अंश असून ते सरासरीपेक्षा ४.५ अंशांनी वर गेले, किंवा सरासरी काहीही असली तरी ४५ अंशांवर पोहोचले, आणि उपविभागातील किमान दोन केंद्रांवर सलग दोन दिवस असे घडले, तर दुसऱ्या दिवशी लाट जाहीर होते. नागपुरात मे अखेरची सरासरीच ४३ अंशांच्या घरात असल्याने ४४ अंशांची भाजून काढणारी दुपारदेखील शास्त्रीय अर्थाने लाट ठरत नाही.

पावसाळ्यात अडचण आकड्याची नसून क्षेत्राची असते. ‘तुरळक ठिकाणी’ याचा अर्थ उपविभागातील पंचवीस टक्क्यांपर्यंत केंद्रांवर आणि ‘मुसळधार’ याचा अर्थ चोवीस तासांत ६४.५ मिलिमीटर किंवा त्याहून अधिक पाऊस. परंतु ‘विदर्भात तुरळक ठिकाणी मुसळधार’ या वाक्याचे मथळ्यात ‘विदर्भात मुसळधार’ होते आणि सक्करदऱ्यात ऊन पडले की वेधशाळेची थट्टा सुरू होते. याच्या उलट, २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे नागपुरात काही तासांत शंभर मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळला, अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीकाठची पश्चिम नागपुरातील वस्ती झोपेतच पाण्यात सापडली. विभागाचे पर्जन्यमान सकाळी साडेआठ ते साडेआठ असे मोजले जाते, म्हणून छापील वृत्तपत्राला त्या पावसाचा अधिकृत आकडा दुसऱ्या दिवशीच देता येणार होता. शिवाय चोवीस तासांच्या बेरजेत ‘मुसळधार’ या पहिल्याच पायरीवर बसणारा पाऊस तीन-चार तासांत पडला तर शहर बुडवतो, हे त्या बेरजेवरून कळत नाही.

अशा प्रसंगी उपयोगी पडतो तो तात्कालिक अंदाज. डॉप्लर रडार ढगांतील थेंबांवरून परतणाऱ्या लहरींवरून त्यांची जागा आणि वेग ओळखते, आणि त्याच्या आधारे पुढील सुमारे तीन तासांचा इशारा जिल्हावार दिला जातो. काटोल-नरखेडच्या संत्र्याच्या बागांत आंबिया बहर असताना गारपीट येत असेल, किंवा सक्करदऱ्याहून निघणाऱ्या उमरेड रस्त्यालगतच्या शेतांत धानाची रोवणी चालू असताना विजांचा इशारा निघाला असेल, तर उद्या सकाळच्या अंकाचा तेथे काहीच उपयोग नाही. हे काम आकाशवाणी आणि भ्रमणध्वनी यांच्याकडेच जाते, आणि तेथेही वार्ताहराने इशारा कोणत्या भागासाठी आहे, तो किती वाजता निघाला आणि किती वाजता संपतो, या तीन गोष्टी ‘पिवळा’, ‘लाल’ अशा इशाऱ्याच्या रंगाच्या नावाआधी सांगाव्या लागतात.