बदलता येणारा सांधा

२२ मे १९९७ रोजी पहाटे ४ वाजून २१ मिनिटांच्या सुमारास जबलपूर हादरले. भूकंपाचे परिमाण ५.८ होते आणि उगम जमिनीखाली सुमारे ३५ किलोमीटरवर होता. सुमारे ४० माणसे दगावली. कोसमघाटसारख्या खेड्यांतील माती-विटांच्या घरांची दैना झाली. शहर तेव्हाच्या भारतीय मानकानुसार तिसऱ्या भूकंपक्षेत्रात, म्हणजे मध्यम धोक्याच्या प्रदेशात मोडत होते.

अभियंत्यांना मात्र शहरातील काही नव्या बहुमजली इमारती अधिक बोलक्या वाटल्या. वाहने उभी करण्यासाठी त्यांचा तळमजला मोकळा सोडलेला होता. वरचे मजले विटांच्या भिंतींनी ताठ झालेले, खाली नुसते काँक्रीटचे खांब. त्यामुळे सारा हेलकावा खांबांनाच सोसावा लागला. ज्या खांबांवर वरचा सगळा भार, तेच आधी जायबंदी झाले. हानी कोठे व्हावी हे कोणी ठरवले नव्हते, म्हणून ती नको तेथे झाली.

ती आधीच ठरवता येईल काय, हा या व्याख्यानाचा विषय होय. घरातील विजेच्या जोडणीत वितळतार असते. प्रवाह बेसुमार वाढला की ती जळते आणि बाकीची जोडणी वाचते. इमारतीच्या सांगाड्यातही अशी एक जागा मुद्दाम दुबळी ठेवावी, भूकंपाची ऊर्जा तेथेच खर्ची पडावी आणि नंतर तेवढाच भाग काढून नवा बसवावा, अशी ही कल्पना आहे. जबलपूर हे तोफगाडे आणि लष्करी वाहने बनवणाऱ्या कारखान्यांचे शहर आहे. यंत्राचा झिजणारा भाग बदलण्याजोगा ठेवावा, हे तेथील कामगाराला समजावून सांगावे लागणार नाही. इमारतींच्या बाबतीत ते सुचायला मात्र फार उशीर लागला.

उशिराचे एक कारण पोलादावरचा गाढ विश्वास. पोलाद तुटण्याआधी पुष्कळ वाकते, म्हणून पोलादी सांगाडा सुरक्षित असे मानले जाई. १७ जानेवारी १९९४ रोजी लॉस एंजेलिसजवळ नॉर्थरिज येथे भूकंप झाला. एकही उंच पोलादी इमारत त्यात कोसळली नाही. पण आतील आच्छादने काढून पाहिली, तेव्हा तुळई आणि खांब यांच्या वेल्डिंग केलेल्या सांध्यांत ठिकठिकाणी ठिसूळ तडे आढळले. मग तुळईची आडवी पट्टी खांबापासून थोड्या अंतरावर कापून अरुंद करण्याची रीत आली. वाकायचे ते तेथे वाकते, सांधा शाबूत राहतो. पण वाकलेली तुळई बदलायची म्हणजे वरचा स्लॅब फोडणे आले.

पुढची पायरी सुट्या पट्टीची. तुळईचा टोकाचा भाग खांबाला कायमचा जोडलेला असतो. त्याच्या आणि उरलेल्या तुळईच्या मध्ये मापून अरुंद केलेली पोलादी पट्टी बोल्टने बसवतात. हेलकाव्यात ती आळीपाळीने ताणली आणि दाबली जाते. दाबाखाली ती बाहेर फुगू नये म्हणून तिला दोन्ही बाजूंनी आवरणाचा आधार देतात.

येथे एक चमत्कारिक अडचण उद्भवते. मानकात पोलादाची किमान ताकद दिलेली असते. बाजारात मिळणारे पोलाद पुष्कळदा त्याहून सरस निघते. एरवी हा लाभच. पण ही पट्टी अपेक्षेपेक्षा बळकट निघाली तर ती वाकणार नाही आणि घाव शेजारच्या सांध्यावर जाईल. म्हणून वापरायच्या पोलादाचीच चाचणी घ्यावी लागते. स्लॅबही पट्टीपासून अलग ठेवावा लागतो, नाहीतर तोच तिला जखडून टाकतो.

दुसरी मर्यादा अधिक गंभीर आहे. पट्टी बदलण्यापूर्वी इमारत ओळंब्यात असली पाहिजे. मजल्याच्या उंचीच्या दोनशेव्या भागाहून अधिक कल कायम राहिला, म्हणजे तीन मीटर उंचीला १५ मिलिमीटर, तर दुरुस्तीपेक्षा नवे बांधकाम परवडते, असे जपानमधील अभ्यासात दिसले. न्यूझीलंडच्या क्राइस्टचर्च शहरात २०११ च्या भूकंपानंतर शेकडो इमारती पाडाव्या लागल्या. तिरके आधार असलेल्या एका उंच पोलादी इमारतीत मात्र तुळईचे इजा झालेले छोटे तुकडे कापून नवे बसवले गेले. पुढे तेथे असे तुकडे मुळातच बोल्टने जोडू लागले.

जबलपूरसारख्या शहरातील प्रत्येक घराला हा खर्च पेलणार नाही, आणि तशी गरजही नाही; तेथे तळमजल्यावर पुरेशा भिंती घातल्या आणि खांबांच्या सळ्या नीट बांधल्या तरी पुष्कळ साधते. रुग्णालयाचे तसे नाही. धक्क्यानंतर त्याच दिवशी जखमी तेथे आणायचे असतात. अशा इमारतीत सांध्याखालचे छत उघडता आले पाहिजे आणि पट्टीचे माप, पोलादाची प्रत व बोल्टचा ताण लिहिलेला नकाशा तेथेच जपला पाहिजे. ती पट्टी कदाचित तीस वर्षांनी लागेल, आणि तोवर ती बसवणारा कंत्राटदार तेथे असेलच असे नाही.