ट्राम गेली, टी.टी. राहिले



मुंबईला दादर स्टेशनाच्या पूर्वेला उतरून कुणालाही विचारा, "टी.टी. कुठे हो?" तो लगेच हात करून दाखवील. पण टी.टी. म्हणजे काय, हे त्याला सांगता येईलच असे नाही. ही अक्षरे 'ट्राम टर्मिनस'ची, म्हणजे ट्रामच्या अखेरच्या थांब्याची. ३१ मार्च १९६४ च्या रात्री शेवटची ट्राम बोरीबंदरहून दादरला आली आणि ट्रामचे पर्व संपले. ट्राम गेली, नाव मात्र राहिले.

कोणतेही शहर समजून घ्यायचे तर तीन प्रश्न विचारावेत. इथली माणसे कमावतात कुठे? निजतात कुठे? आणि घरून कामाला जातात कशी? गिरगाव, लालबाग, परळ, दादर या मुलखाला हेच प्रश्न विचारून पाहू.

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे अशी पहिली आगगाडी धावली. ती आणण्यासाठी खटपट करणाऱ्यांत गिरगावचे नाना शंकरशेट अग्रभागी होते. पुढच्याच वर्षी कावसजी दावर यांनी ताडदेवच्या कापडगिरणीची कंपनी काढली. १८५६ साली गिरणी सुरू झाली. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध झाले. तिकडचा कापूस विलायतेला जाईना, तेव्हा आपल्याकडच्या कापसाला सोन्याचे मोल आले. युद्ध संपले, भाव कोसळले, भलेभले बुडाले. गिरण्या मात्र वाढतच गेल्या. परळ-लालबागचे 'गिरणगाव' झाले.

या गिरण्या चालवल्या कुणी? तुमच्या-आमच्या गावच्या माणसांनी! रत्नागिरीकडचे, सातारा-कोल्हापूरकडचे गडी आले. चाळीतली एक खोली गावकीने भाड्याने घ्यायची, पाळीपाळीने तिथे निजायचे, खानावळीत जेवायचे आणि उरलेला पैसा मनिऑर्डरने गावी धाडायचा. भोंगा वाजला की बहुतेक कामगार पायीच गिरणीत जात. घर आणि काम एका हाकेच्या अंतरावर होते, बरं का!

ट्राम ९ मे १८७४ रोजी सुरू झाली. तेव्हा ती घोडे ओढीत, कुलाब्याहून पायधुणीपर्यंत. भाडे तीन आणे. मजुराला ते परवडण्याजोगे नव्हते. ७ मे १९०७ रोजी विजेची ट्राम आली, १९२५ साली विजेची रेल्वे कुर्ल्यापर्यंत धावली, १९२६ साली बस आली. शहर उत्तरेकडे पसरत गेले, तशी वाहनेही त्याच्यामागून गेली.

१८ जानेवारी १९८२ रोजी गिरणी संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले. त्यानंतर पुष्कळ गिरण्यांची दारे कायमची मिटली. कुणी गावी परतले, कुणी हातगाडी लावली. गिरण्यांच्या जमिनींवर कचेऱ्या आणि उंच इमारती उभ्या राहिल्या.

आता पाहा, काम पुन्हा आले, पण कामकरी पायी येणारा राहिला नाही. तो विरारहून, कल्याणहून लोकलने येऊ लागला. कमाईची जागा बदलली. स्टेशनचे पूल मात्र जुन्या वर्दळीच्या मापाचेच राहिले. २९ सप्टेंबर २०१७ च्या सकाळी, पावसात, परळ आणि एल्फिन्स्टन रोड स्टेशने जोडणाऱ्या अरुंद पुलावर चेंगराचेंगरी झाली. तेवीस माणसे दगावली. ती सगळी आपापल्या रोजच्या वाटेने निघालेली माणसे होती. पुढे लष्कराने तिथे नवा पूल बांधला. तो २०१८ च्या फेब्रुवारीत खुला झाला. २०२५ च्या ऑक्टोबरपासून भुयारी मेट्रो आरे ते कफ परेडपर्यंत धावू लागली. गिरगाव आणि दादर तिच्याच वाटेवर आहेत.

यातून घ्यायचे काय? कारखाना, बाजार किंवा कचेरी काढताना हिशेब जागेचा होतो, यंत्रांचा होतो. तिथे रोज येणाऱ्या माणसाच्या वाटेचा हिशेब मागे राहतो, आणि पुढे त्याची किंमत त्या माणसालाच मोजावी लागते.

शिक्षक बंधुभगिनींनो, आपल्या तालुक्याच्या गावाचा एक नकाशा मुलांकडून काढून घ्या. कमाईच्या जागा, वस्त्या आणि त्यांमधल्या वाटा त्यांना त्यात दाखवू द्या. कोणती वाट अरुंद पडते आहे, हे मुलेच तुम्हाला सांगतील. ते ऐकून घ्यायला मात्र चुकू नका.