व्यायामाची वेळ आणि शरीराचे घड्याळ

(फोंडा येथे ग्रामस्थ, शिक्षक व शासकीय कर्मचारी यांच्यासमोर केलेले भाषण)



व्यायाम पहाटेच करावा, हा आपल्याकडील जुना संस्कार आहे. कोल्हापूरच्या तालमींत पहिलवान पहाटेच्या अंधारातच जोर-बैठकांना आरंभ करतात. कुस्तीची मैदाने मात्र रंगतात ती दुपारनंतर. मग शक्तीची खरी वेळ कोणती?

आपल्या शरीरात सुमारे चोवीस तासांचे एक घड्याळ अखंड चालते. त्याची पेशींतील यंत्रणा उलगडून दाखविल्याबद्दल हॉल, रॉसबॅश व यंग या शास्त्रज्ञांना २०१७ साली नोबेल पारितोषिक मिळाले. शरीराचे तापमान पहाटे सर्वांत कमी, तर साधारणपणे सायंकाळी ४ ते ७ च्या सुमारास सर्वांत अधिक असते. फरक जेमतेम अर्ध्या-एक अंशाचा. परंतु ऊबदार स्नायू अधिक वेगाने आकुंचन पावतात. म्हणून बहुतेकांची ताकद सायंकाळी किंचित अधिक भरते.

तर मग पहाटेचे श्रम वाया जातात काय? मुळीच नाही. काही आठवडे नियमाने सकाळीच व्यायाम केल्यास हा फरक बराचसा भरून निघतो. स्नायूंची वाढ तर सकाळी व सायंकाळी व्यायाम करणाऱ्यांत जवळजवळ सारखीच आढळली आहे. क्रमाक्रमाने वाढविलेला भार, प्रथिनयुक्त आहार व पुरेशी झोप, हाच तिचा पाया होय.

आपल्या तालुक्यात या गोष्टीचे महत्त्व मोठे आहे. कुंडई वा बेतोडा येथील कारखान्यात रात्रपाळी करणाऱ्या कामगाराने झोप मोडून पहाटे धावणे हिताचे नव्हे. घरकामात जिची सकाळ सरते, त्या गृहिणीला सायंकाळचा अर्धा तास मिळत असेल, तर तीच तिची सुवेळ. उन्हाळ्यातील भर दुपार मात्र सर्वांनीच टाळावी. थंडी व वसंत वगळता इतर ऋतूंत व्यायाम सौम्यच असावा, असे वाग्भटानेही ‘अष्टांगहृदया’त सांगून ठेवले आहे.

शिक्षकांनी स्पर्धा ज्या वेळी असेल, त्याच वेळी मुलांचा सराव घ्यावा, आणि सकाळी तर अंग नीट तापविल्याविना त्यांना जोराने धावू देऊ नये. पंचायतींनी व अधिकाऱ्यांनी मैदाने सायंकाळीही, दिव्यांच्या उजेडात, खुली राहतील असे पाहावे. पहाट साधली नाही म्हणून कोणी व्यायामाला मुकू नये.

वेळ आपापल्या सोयीने निवडावी. निवडलेली वेळ मात्र मोडू नये, एवढीच विनंती करून मी आपली रजा घेतो.