परवान्याविना पाऊल नाही

(सायखेडा, ता. निफाड येथे महिला मंडळांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



कुठं चाललीस, कोणाला विचारलंस, परत कधी येणार, हे प्रश्न आपल्यापैकी कोणालाच नवे नाहीत. घरातले हे प्रश्न आपल्याला किती जखडतात यावर आपण अनेकदा बोललो. आज मी अशा बायकांविषयी बोलणार आहे, ज्यांच्या सबंध जमातीला हेच प्रश्न सरकारनं कायदा करून विचारले.

आपल्या गोदाकाठी द्राक्षांच्या आणि कांद्याच्या हंगामात बाहेरून माणसं येतात. कोणी मजुरीला, कोणी जनावरं घेऊन, कोणी किडुकमिडुक विकायला. गावाबाहेर पालं पडतात. गावात चोरी झाली की पहिलं बोट पालाकडे जातं. हा संशय आपल्या मनात कसा रुजला, त्याचा इतिहास बघण्यासारखा आहे.

1871 साली इंग्रज सरकारनं गुन्हेगार जमाती कायदा केला. 1911 च्या कायद्यानं मुंबई इलाखाही त्याच्या कक्षेत आला आणि 1924 मध्ये सगळ्या तरतुदी एकत्र झाल्या. कैकाडी, कंजारभाट, पारधी अशा जमातींवर जन्मानंच गुन्हेगारीचा शिक्का बसला. माणसानं काय केलं हे बघायचं नाही, तो कोणाच्या पोटी जन्मला एवढंच बघायचं. त्याचं नाव रजिस्टरात जाई, बोटांचे ठसे घेतले जात. ठरलेल्या वेळी हजेरी द्यायची. मुक्काम बदलायचा तर आधी कळवायचं. ठरवून दिलेल्या हद्दीबाहेर जायचं तर परवाना हवा. परवान्याविना सापडला तर तुरुंग. गावचा पाटील, राखणदार, जमीनमालक यांच्यावरही अशा लोकांची खबर देण्याची जबाबदारी होती. म्हणजे पहारा फक्त पोलिसांचा नव्हता, साऱ्या गावाचाच होता. सोलापूरसारख्या ठिकाणी तर तारेच्या कुंपणात वसाहती झाल्या. त्यांना 'सेटलमेंट' म्हणत.

आता यात बाईचं काय झालं ते पाहा. या जमातींचं पोटच फिरण्यावर होतं. बाजार कधी या गावाला, कधी त्या गावाला. नवऱ्याची हजेरी एका ठाण्यात अडकली की सगळं बिऱ्हाड तिथंच अडकणार. दूरच्या बाजारात टोपल्या विकणं बंद. माहेरी कोणी आजारी असलं तरी परवान्याची वाट बघायची. हजेरी चुकली म्हणून नवरा तुरुंगात गेला, तर चूल पेटवायची जबाबदारी बाईवर, आणि बाहेर पडायची वाट मात्र बंद. शिवाय मुलांना आईबापांपासून काढून वेगळ्या शाळेत ठेवण्याचा अधिकार या कायद्यानं सरकारला दिला होता.

मुंबई प्रांतात 1949 मध्ये आणि देशभर 31 ऑगस्ट 1952 रोजी हा कायदा रद्द झाला. म्हणून हे लोक 'विमुक्त' झाले. पण 1959 मध्ये मुंबई राज्यात सराईत गुन्हेगारांचा कायदा आला. त्यात नोंद व्यक्तीची होती, जमातीची नव्हे. तरी नोंदवही, ठसे, राहण्याचा पत्ता कळवणं हे पुन्हा आलंच. 1998 मध्ये बारामतीत पारधी समाजाचे पिन्या हरी काळे पोलीस कोठडीत मरण पावले. 1 जुलै 2018 रोजी धुळे जिल्ह्यात राईनपाड्याला, मंगळवेढ्याकडून पोटासाठी आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना मुलं पळवणारे समजून जमावानं ठेचून मारलं. तिथं परवाना कोणी मागितला नाही. अनोळखी असणं हाच गुन्हा ठरला.

आज अडवणूक उलट्या बाजूनं होते. पूर्वी रजिस्टरात नाव होतं म्हणून जाता येत नव्हतं, आता कुठल्याच कागदावर नाव नाही म्हणून काही मिळत नाही. विमुक्त-भटक्यांना जातीच्या दाखल्यासाठी 21 नोव्हेंबर 1961 पूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा मागतात. ज्यांना कुठं टेकू दिलं नाही, त्यांनी घरपट्टीची पावती कुठून आणायची? आणि पुरुषाकडे निदान शाळेचा एखादा कागद असला तरी बाईकडे तोही नसतो.

तिची आणखी एक कोंडी आहे. जातपंचायतीनं तिला वाळीत टाकलं तर तिच्यासाठी 2016 चा सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा आहे. पण तक्रार द्यायची त्याच ठाण्यात, जिथून तिच्या नवऱ्याला उचलून नेतात. ती एकटी तिथं कशी जाणार?

हे आपल्याच देशात घडलं असंही नाही. दक्षिण आफ्रिकेत काळ्या बायकांवर पासची सक्ती आली तेव्हा 9 ऑगस्ट 1956 रोजी सुमारे वीस हजार बायका प्रिटोरियात सरकारच्या दारात उभ्या राहिल्या. अमेरिकेत 2002 नंतर ठरावीक देशांतून, बहुतेक मुस्लिम देशांतून, आलेल्या पुरुषांना ठसे देऊन वेगळी नोंदणी करावी लागली. देश सोडतानाही ठरलेल्याच विमानतळांवरून किंवा नाक्यांवरून जायचं. तो नियम अखेर 2016 मध्ये रद्द झाला. नाव सुरक्षेचं असतं, पण एका समूहालाच संशयित ठरवण्याची रीत सगळीकडे सारखी.

मग आपण काय करायचं? पालावर पोलीस आले की मंडळाच्या दोघी-तिघींनी तिथं जायचं. सूर्यास्त ते सूर्योदय या वेळेत बाईला अटक करता येत नाही. अपवाद असेल तर महिला अधिकारी आणि न्यायदंडाधिकाऱ्यांची आधी घेतलेली परवानगी लागते. 2024 पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेतही हे कायम आहे. ऑक्टोबर 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं विमुक्त जमातीच्या लोकांना मनमानी अटक होऊ नये असं पोलिसांना बजावलं आहे. त्या निकालाची प्रत जवळ ठेवा. बेघर माणसाचं नाव मतदार यादीत घालायला पत्त्याचा कागद लागत नाही. तो झोपतो त्या जागी रात्री येऊन खात्री करायची असते. ही मागणी आपण लावून धरू शकतो.

आणि एक काम मंडळातलंच आहे. पुढच्या बैठकीला पालावरच्या बायांना बोलवा. त्यांच्यासाठी काय करायचं हे त्यांच्यामागे आपणच ठरवलं, तर आपणही दुसरं रजिस्टरच उघडू. त्या काय मागतात ते आधी ऐकू.