इसब : कातडीची खोटी हाकाटी
श्रोतेहो, इसब झालेले पोर वर्गात वेगळे बसवावे काय, असे वर्ध्याकडच्या एका गुरुजींनी विचारले. मुळीच नको! इसब एकाचा दुसऱ्याला लागत नाही.

चोर नसताना जागल्याने हाकाटी केली, तर गाव काठ्या घेऊन धावणारच, तसे हे. कातडीतल्या रक्षक पेशी इंटरल्यूकिन ४ आणि १३ नावाचे निरोप धाडतात, मग दाह अन् खाज. खाजवले की निरोप आणखी वाढतात. डुपिलुमॅब हे टोचायचे औषध ते निरोप पेशींच्या दारातच अडवते. अमेरिकेत त्याला २०१७ साली मान्यता मिळाली. पण ते भारी महाग, आणि बहुतेकांचे डॉक्टरांच्या मलमावर भागते. आंघोळीनंतर अंग ओलसर असतानाच खोबरेल चोळावे. सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयात चर्मरोग विभाग आहे, तेथे दाखवावे.