मत्स्यबीजाचे गोत्र

(मत्स्यशेतकऱ्यांसमोर झालेल्या भाषणाचा मजकूर)



गावातील वळू काही वर्षांनी बदलला पाहिजे, हे शेतकऱ्याला कोणी शिकवावे लागत नाही. बापापासून लेकीला वासरू होऊन पुढील पैदास खुरटू नये, एवढी दक्षता तो घेतोच. तळ्यात मात्र ही दक्षता राहत नाही. कारण गाय ओळखू येते, मासा ओळखू येत नाही.

१९५७ साली कटक येथे डॉ. हिरालाल चौधरी व के. एच. अलिकुन्ही यांनी पियुषिका ग्रंथीचा अर्क टोचून माशांचे प्रेरित प्रजनन यशस्वी केले. पूर्वी कटला, रोहू व मृगळ यांचे बीज मुख्यतः नद्यांतून गोळा करावे लागे. पुढे ते केंद्रांत तयार होऊ लागले. या सोयीतच एक धोका दडलेला आहे. रोहूची मादी दर किलो वजनामागे दोन लाखांच्या आसपास अंडी देते. साहजिकच मोजक्या जोड्यांवर केंद्राची गरज भागते आणि पुढचे प्रजनक मासेही त्यांच्याच पिलांतून निवडले जातात. मग भावंडांचीच जोडी जमते. यालाच अंतःप्रजनन म्हणतात.

एरवी झाकलेला आनुवंशिक दोष मातापित्या दोघांकडून आला की प्रकट होतो. मत्स्यजिरे कमी जगतात, वाढ मंदावते, व्यंगे दिसू लागतात, रोगाला तोंड देण्याची शक्ती घटते. शेतकरी पाण्याला वा पेंडीला दोष देतो आणि खर्च वाढवतो. दोष मात्र बीजातच असू शकतो. कर्नाटकातील मत्स्यबीज केंद्रांविषयी १९९० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अंतःप्रजनन वर्षाला २ ते १७ टक्क्यांनी वाढत असल्याचे अनुमान निघाले.

उपाय अवघड नाहीत. प्रजनकांत नर व माद्या शक्यतो समसमान असाव्यात. २५ नर व २५ माद्या असल्यास अंतःप्रजनन पिढीमागे सुमारे १ टक्क्याने वाढते. ५ नर व ४५ माद्या असल्यास एकूण संख्या तीच असूनही वाढ पावणेतीन टक्क्यांवर जाते. प्रजनकांना खुणा करून नोंदवही ठेवावी. विक्रीतून उरलेले खुरटे मासे प्रजननासाठी राखू नयेत. नात्याबाहेरचे नर दुसऱ्या केंद्रातून वा नदीतून आणावेत. अशा एकाच संकरात पुढची पिढी बहुतांशी सावरते.

१९९२ साली भुवनेश्वरजवळ कौसल्यागंगा येथे रोहूच्या सुधारणेचे काम सुरू झाले, तेव्हा गंगा, यमुना, गोमती, सतलज व ब्रह्मपुत्रा या पाच नद्यांतील रोहू एकत्र आणण्यात आले. त्यातूनच पुढे 'जयंती रोहू' हा जलद वाढणारा वाण सिद्ध झाला.

म्हणून बीज घेताना केवळ दर विचारून थांबू नये. प्रजनक किती व कोठले, नर केव्हा बदलले, हेही विचारावे. केंद्रचालकांनी नोंदवही दाखवावी आणि गावच्या शिक्षकांनी ती वाचण्यास शेतकऱ्यांना साहाय्य करावे, ही विनंती.