तुळईचे मोजमाप आणि आकड्यांचा अर्थ
(स्पर्धा परीक्षांच्या विद्यार्थ्यांसमोर केलेल्या भाषणाचा अंश)



अर्थशास्त्राच्या अभ्यासकाने पुलाच्या तुळईविषयी बोलावे, याचे आपणास नवल वाटेल. परंतु जुना पूल दुरुस्त करावा की पाडून नवा बांधावा, हा सार्वजनिक खर्चाचाच निर्णय असतो आणि त्याला आधार लागतो तो सूक्ष्म मोजमापाचा.

विकृतीमापक, म्हणजेच स्ट्रेन गेज, ही धातूच्या बारीक जाळीची पट्टी असते. दोन टेकूंवरील तुळई भाराने वाकली की तिचा वरचा थर आखडतो, तर खालचा ताणला जातो. तळाशी चिकटवलेली जाळीही ताणली जाऊन तिचा विद्युतरोध वाढतो. मूळ लांबीच्या प्रमाणात झालेला बदल म्हणजे विकृती.

समजा, पोलादी तुळईच्या मध्यावर तळाशी ५०० सूक्ष्म-विकृती, म्हणजे मीटरमागे अर्धा मिलिमीटर वाढ नोंदली गेली. पोलादाचा यंग गुणांक सुमारे २ लाख न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर आहे. त्याने गुणल्यास प्रतिबल १०० येते.

येथेच थांबणारा विद्यार्थी फसतो. शेजारी ठेवलेल्या, त्याच पोलादाच्या भारमुक्त तुकड्यावरील मापकाने १२० दाखवले, तर तेवढा वाटा उष्णतेचा होय. तापमान १० अंशांनी वाढल्यास पोलाद सुमारे इतकेच प्रसरण पावते. भारामुळे झालेली विकृती मग ३८० व प्रतिबल ७६ उरते.

दुसरी बाब अशी, की मापक चिकटवल्यानंतरचाच बदल दिसतो. निर्देशांकाला आधारवर्ष असते, तसेच हे. तुळईच्या स्वतःच्या वजनाचे प्रतिबल आधीपासूनच असते. ते गणिताने मिळवावे लागते. ते ५५ असल्यास एकूण १३१ होते. साधे रचना-पोलाद सुमारे २५० ला कायमचे ताणले जाऊ लागते. सुरक्षिततेचे अंतर राखून तुलना करायची ती या १३१ ची, ७६ ची नव्हे.

तिसरी बाब म्हणजे भार उतरवल्यावर नोंद शून्याजवळ परतली पाहिजे. ती परतली नाही, तर तुळईत कायम विकृती राहिली आहे किंवा मापकच सुटला आहे, हे तपासावे.

शिवाय मापक आपल्या जागेपुरतेच बोलतो. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्री नदीवरील जुना दगडी पूल पुरात कोसळला आणि अनेकांचे प्राण गेले. पाण्याखालील पायाची स्थिती तुळईवरच्या मापकाला कळेलच असे नाही. त्यासाठी पायाची स्वतंत्र पाहणी आवश्यक ठरते.

उद्या आपल्यापैकी काहीजण अशा अहवालांवर स्वाक्षरी करतील. आकडा कशाचा, केव्हापासूनचा आणि कोठला, हे तीन प्रश्न त्यापूर्वी अवश्य विचारावेत.